तूगेन्टहाट व्हिला, ब्रनो

तूगेन्टहाट व्हिला : चेक प्रजासत्ताकातील ब्रनो या शहरातील एक प्रसिद्ध निवासी वास्तू. जर्मन वास्तुशिल्पज्ञ लूटव्हिख मीस व्हान डेर रोअ (१८८६–१९६९) याने ती फ्रिट्स व ग्रेटा तूगेन्टहाट या दांपत्यासाठी १९२८–३० या काळात संकल्पिली व उभारली. पोलादी सांगाडा, भिंतींनी न तोडलेली प्रशस्त अंतर्गत जागा आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचभिंती ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. विसाव्या शतकातील गृहवास्तूच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान असून २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. तथापि ज्या कुटुंबासाठी ही वास्तू घडविण्यात आली, त्याला तेथे आठ वर्षेही राहता आले नाही. पुढील अर्धशतकात तिचा उपयोग घराखेरीज इतर अनेक कारणांसाठी झाला. त्यामुळे तिचा इतिहास हा एका वास्तुशैलीचा इतिहास आहे, तसाच तो मध्य यूरोपातील राजकीय उलथापालथींचाही इतिहास आहे.

नागरी व्हिला : ‘व्हिला’ ही संज्ञा मुळात प्राचीन रोमन काळातील. शहराबाहेरील शेतीवाडीवरचे धनिकाचे निवासस्थान असा तिचा अर्थ होता. प्रबोधनकाळात इटलीत या प्रकाराचे पुनरुज्जीवन झाले आणि बागबगिच्यांनी वेढलेली विश्रामगृहे सरदार-सावकारांनी बांधली. एकोणिसाव्या शतकात औद्योगिकीकरणामुळे यूरोपातील शहरांचा विस्तार झाला. जुने तट पाडले गेले व लगतच्या टेकड्यांवर, उद्यानांच्या कडेने उद्योगपतींची स्वतंत्र, बागेसह असलेली घरे उभी राहू लागली. त्यांनाही व्हिला म्हटले जाऊ लागले. शहराच्या सोयी व ग्रामीण निवासातील मोकळेपणा यांची सांगड घालणे, हा या नागरी व्हिलांचा उद्देश होता. बाह्यरूपात मात्र त्यांवर जुन्या राजवाड्यांची छाप असे. बुरूज, कमानी, कोरीव सज्जे व जड फर्निचरने भरलेली दालने हे त्यांचे नेहमीचे स्वरूप होते. ही परंपरा मोडून नागरी व्हिलेला आधुनिक रूप देणाऱ्या वास्तूंत तूगेन्टहाट व्हिला अग्रगण्य मानली जाते.

शहर व कुटुंब : ब्रनो ही मोराव्हिया प्रांताची जुनी राजधानी. ऑस्ट्रियन साम्राज्यातील लोकरी कापडाच्या उद्योगाचे ते एक मोठे केंद्र होते. या उद्योगात जर्मनभाषक ज्यू कुटुंबांचा मोठा वाटा होता आणि तूगेन्टहाट व लोव्ह-बेअर ही त्यांपैकीच दोन घराणी. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले व चेकोस्लोव्हाकिया हे नवे प्रजासत्ताक अस्तित्वात आले. या राष्ट्राने आपल्या नवेपणाची खूण म्हणून आधुनिक वास्तुकलेला उत्तेजन दिले. ब्रनोमध्ये बोहुस्लाव्ह फुक्स, अर्नोश्ट व्हीस्नर इ. वास्तुशिल्पज्ञांनी उपयुक्ततावादी शैलीतील अनेक इमारती उभारल्या. १९२८ मध्ये प्रजासत्ताकाच्या दशकपूर्तीनिमित्त शहरात समकालीन संस्कृतीचे भव्य प्रदर्शन भरले आणि त्यासाठी बांधलेले प्रदर्शनस्थळ पुढेही कायम राहिले. जर्मन, चेक व ज्यू संस्कृती येथे परस्परांच्या शेजारी नांदत होत्या. तूगेन्टहाट व्हिला ही या अल्पकालीन पण समृद्ध सहजीवनाची निर्मिती होय.

ग्रेटा (१९०३–७०) ही आल्फ्रेट लोव्ह-बेअर या उद्योगपतीची कन्या. फ्रिट्स तूगेन्टहाट (१८९५–१९५८) याच्याशी १९२८ मध्ये तिचा विवाह झाला. पित्याने तिला आपल्या व्हिलेमागील उतरत्या बागेचा वरचा भाग व घराच्या बांधकामाचा खर्च दिला. ग्रेटा काही काळ बर्लिनमध्ये राहिली होती. मीसने १९११ मध्ये बांधलेल्या एका घरात तिचे जाणेयेणे होते व त्यातून बागेकडे उघडणाऱ्या प्रशस्त दालनांची तिला ओढ लागली. फ्रिट्सला लहानपणापासून पाहिलेल्या, शोभेच्या वस्तूंनी खच्चून भरलेल्या खोल्यांचा तिटकारा होता. स्वच्छ, साध्या आकारांचे प्रशस्त घर हवे, एवढीच त्या दोघांची अपेक्षा होती.

संकल्पन व बांधकाम : सप्टेंबर १९२८ मध्ये मीस ब्रनो येथे आला. बागेतून दिसणारे जुने शहर आणि श्पिलबेर्कचा किल्ला यांचे दृश्य त्याला फार आवडले. येथील स्थानिक बांधकामाचा दर्जाही त्याला समाधानकारक वाटला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने बर्लिनमध्ये या दांपत्याला आराखडे दाखविले. एक मोठे दालन, त्यात एक सरळ व एक अर्धवर्तुळाकार भिंत आणि ठरावीक अंतरांवर काढलेल्या लहान फुल्या असे त्यांचे स्वरूप होते. या फुल्या म्हणजे पोलादी खांब, असा खुलासा त्याने केला. पुढे ग्रेटाने एका व्याख्यानात या प्रसंगाची माहिती दिली. फ्रिट्सने काही हरकती घेतल्या होत्या. शयनगृहांसारख्या लहान खोल्यांत मध्येच उभे असलेले खांब अडचणीचे ठरतील, हे म्हणणे मीसने मान्य केले व तेथील खांब भिंतींत घेतले. परंतु छतापर्यंत उंच दरवाजे कालांतराने वाकतील, ही शंका त्याने साफ धुडकावली. असे दरवाजे नसतील तर आपण हे घर बांधणार नाही, असे त्याने सांगितले. यजमानांनी त्याचे ऐकले आणि दरवाज्यांबाबतची भीती अनाठायी ठरली.

बांधकामास १९२९ च्या उन्हाळ्यात सुरुवात झाली व डिसेंबर १९३० मध्ये कुटुंब तेथे राहावयास आले. स्थानिक बांधकाम आइस्लर बंधूंच्या संस्थेने केले. अंतर्गत सजावट व फर्निचर यांत मीसची सहकारी लिली राइख हिचा, तर उद्यानरचनेत ग्रेटा रोडर हिचा मोठा वाटा होता. याच सुमारास मीसने १९२९ च्या बार्सेलोना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी प्रसिद्ध जर्मन मंडप उभारला. दोन्ही वास्तूंमागील कल्पना एकच होती. परंतु मंडपात केवळ येणे-जाणे अपेक्षित होते, तर व्हिलेत एका कुटुंबाचा रोजचा संसार व्हावयाचा होता. त्यामुळे त्या कल्पनेची खरी कसोटी ब्रनो येथेच लागणार होती.

वास्तुरचना : व्हिला दक्षिण-नैर्ऋत्येकडे उतरणाऱ्या टेकडीवर आहे. तिला तीन मजले असले, तरी वरच्या बाजूच्या रस्त्यावरून तिचा केवळ सर्वांत वरचा मजला दिसतो. ही बाजू मुद्दाम बंदिस्त व अनाकर्षक ठेवलेली आहे. दुधी काचेची एक वक्राकार भिंत प्रवेशद्वार झाकते. घर व मोटारखाना यांमधील मोकळ्या जागेतून दूरच्या शहराचा एक तुकडा तेवढा चौकटीत बसविल्यासारखा दिसतो. बागेच्या बाजूने पाहता मात्र तीच वास्तू लांब, पांढरी व काचमय दिसते. रस्त्याशी अलिप्तता व निसर्गाशी सलगी हे तिचे मूलभूत सूत्र आहे.

वरच्या मजल्यावर प्रवेशकक्ष, पतिपत्नींची स्वतंत्र शयनगृहे, मुलांच्या व त्यांच्या दाईच्या खोल्या, सज्जा आणि एका बाजूस मोटारखान्यासह चालकाचे बिऱ्हाड अशी योजना होती. प्रवेशकक्षातून ट्रॅव्हर्टीन दगडाचा जिना खाली मुख्य मजल्यावर उतरतो. तेथील प्रमुख दालन सु. २३७ चौ. मी. क्षेत्रफळाचे आहे. इमारतीचा भार पोलादी खांब पेलतात. प्रत्येक खांब चार कोनी पट्ट्या रिव्हेटांनी जोडून फुलीच्या आकाराचा केलेला असून, मुख्य दालनातील खांबांवर क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चकचकीत आवरण आहे. भार खांबांवर गेल्यामुळे भिंती केवळ पडद्यासारख्या झाल्या व त्या हव्या तेथे उभारता आल्या. खाजगी निवासस्थानात पोलादी सांगाडा वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

या दालनात नेहमीच्या अर्थाने खोल्या नाहीत. बैठक, अभ्यासिका व ग्रंथालय, भोजनस्थान आणि पियानोची जागा हे त्याचे भाग दोन भिंतींमुळे केवळ सूचित होतात. बैठक व अभ्यासिका यांमधील सरळ भिंत मोरोक्कोतील ॲटलास पर्वतातून आणलेल्या मधाच्या रंगाच्या ऑनिक्स दगडाची आहे. हिवाळ्यात मावळतीचे कलते किरण तिच्यावर पडले, की ती पारभासक होऊन तिची मागील बाजू तांबूस उजळते. भोजनस्थानाभोवतीची अर्धवर्तुळाकार भिंत मकासार अबनूसाच्या तपकिरी-काळ्या रेषा असलेल्या पातळ पत्र्याने मढविलेली होती. अधिक विभागणी हवी असल्यास रेशमी व मखमली पडदे ओढून घेता येत. जमिनीवर पांढरे लिनोलियम होते. फर्निचरही मीस व लिली राइख यांनी या घरासाठी योजिले. त्यांतील ‘ब्रनो’ व ‘तूगेन्टहाट’ या नावांच्या खुर्च्या पुढे जगभर प्रसिद्ध झाल्या. रंग मोजकेच होते : पाचूसारखे हिरवे कातडे, माणकासारखी लाल मखमल, काळे व फिकट पिवळसर रेशीम. वेगळा अलंकार कोठेच नाही. दगडाच्या व लाकडाच्या नैसर्गिक रेषांनीच त्याची जागा घेतली आहे. ऑनिक्स भिंतीसमोर व्हिल्हेल्म लेमब्रुक या जर्मन शिल्पकाराचे एक स्त्रीधड ठेवलेले होते.

बागेकडील बाजू पूर्णतः काचेची आहे. तिच्यातील दोन अवाढव्य काचा विजेच्या यंत्राने खाली तळघरात सरकविता येतात. त्या उतरल्या म्हणजे दालन एखाद्या आच्छादित सज्जासारखे होते. पूर्वेच्या अंगास वनस्पतींनी भरलेले अरुंद काचगृह असून त्यामुळे हिवाळ्यातही हिरवाईचे सान्निध्य लाभे. तळमजल्यावर यंत्रसामग्री, धुलाईघर, फर कपड्यांची खोली आणि फ्रिट्सच्या छायाचित्रणाच्या छंदासाठी अंधारखोली होती. हवा गाळून, दमट करून हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात शीतल स्वरूपात मुख्य दालनात सोडण्याची यंत्रणा त्या काळी खाजगी घरात क्वचितच आढळे. वरच्या दालनाची निरलंकृत शांतता ही खालची यंत्रे आणि स्वयंपाकी, मोलकरणी, दाई व चालक यांच्या श्रमांवर आधारलेली होती, हेही विसरता येत नाही.

निवासयोग्यतेचा वाद : घर पूर्ण होताच त्यासंबंधी वाद सुरू झाला. ‘डी फॉर्म’ या जर्मन नियतकालिकात १९३१ मध्ये युस्टुस बीअर या समीक्षकाने ‘तूगेन्टहाट गृहात राहता येते काय?’ असा प्रश्न उपस्थित केला. असे घर माणसाला सतत प्रदर्शनात असल्याप्रमाणे वागावयास लावते व खाजगी जीवन दडपते, असा त्याचा आक्षेप होता. इतर लेखकांनीही या चर्चेत भाग घेतला. चेक समीक्षक कारेल टायगे याने वेगळ्या दिशेने टीका केली. सामान्य जनतेला किमान निवाराही मिळत नसताना एका श्रीमंत कुटुंबासाठी आधुनिक वास्तुकला राबविणे, हे त्याला तिच्या सामाजिक ध्येयाशी प्रतारणा केल्यासारखे वाटले.

या वादात खुद्द रहिवाशांनीही आपले मत मांडले. या अवकाशाचा आपणास भार होत नाही, उलट त्याच्या कठोर भव्यतेमुळे मुक्तता लाभते, असे ग्रेटाने लिहिले. अशा अवकाशात प्रत्येक फूल, प्रत्येक कलाकृती व स्वतः माणूसही अधिक स्पष्टपणे उठून दिसतो, हे तिचे निरीक्षण होते. भिंतींवर चित्रे टांगता येत नाहीत, या आक्षेपाला फ्रिट्सने दगड व लाकूड यांच्या सौंदर्याकडे बोट दाखवून उत्तर दिले. वास्तूविषयीच्या वादात तीत राहणाऱ्यांचीच साक्ष लेखी स्वरूपात उपलब्ध असणे, ही आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासातील दुर्मिळ गोष्ट होय. टायगेचा सामाजिक आक्षेप मात्र या साक्षीने निकालात निघत नाही. पुढील काळात या वास्तूचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.

स्थलांतर व युद्धकाळ : जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर ग्रेटा निर्वासितांना साहाय्य करीत होती. त्यामुळे येऊ घातलेल्या संकटाची तिला कल्पना होती. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर कुटुंबाने ब्रनो सोडले व स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. १९४१ मध्ये ते व्हेनेझुएलाला गेले व १९५० मध्ये स्वित्झर्लंडला परतले. ग्रेटाच्या पित्याला १९३९ मध्ये देशातून निसटू पाहताना मृत्यू आला. मागे राहिलेले अनेक नातलग नाझींच्या वंशसंहारास बळी पडले. १९३० मध्ये ब्रनो येथे जन्मलेला या दांपत्याचा पुत्र एर्न्स्ट तूगेन्टहाट (१९३०–२०२३) पुढे जर्मनीतील एक प्रमुख तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. योगायोगाची गोष्ट म्हणजे स्वतः मीसनेही १९३८ मध्येच जर्मनी सोडली व तो अमेरिकेत शिकागोला स्थायिक झाला.

ऑक्टोबर १९३९ मध्ये गेस्टापो या नाझी गुप्त पोलीसदलाने व्हिला जप्त केली. पुढे ती विमानांची एंजिने बनविणाऱ्या एका जर्मन कारखान्याच्या संचालकाला भाड्याने देण्यात आली. त्याने मोकळ्या दालनात भिंती घातल्या व इतरही फेरफार केले. अबनूसाची अर्धवर्तुळाकार भिंत याच काळात नाहीशी झाली. बाँबहल्ल्यांच्या हादऱ्यांनी बहुतेक काचा फुटल्या. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएट सैन्याने ब्रनो मुक्त केले, तेव्हा घोडदळाच्या एका तुकडीने मुख्य दालनात घोडे बांधले व उरलेसुरले फर्निचर जळणासाठी वापरले. ऑनिक्सची भिंत मात्र बचावली.

युद्धोत्तर उपयोग : १९४५ नंतर काही वर्षे येथे नृत्यशाळा होती. १९५० मध्ये वास्तू राज्याच्या मालकीची झाली व पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांसाठी तेथे व्यायामोपचार केंद्र स्थापन झाले. मुख्य दालनाची व्यायामशाळा झाली. एका धनाढ्य कुटुंबाच्या दालनात ऑनिक्स भिंतीच्या साक्षीने सामान्यांची मुले व्यायाम करू लागली. हा पालट मूळ योजनेशी विसंगत असला, तरी भिंतींनी न अडलेला, भरपूर प्रकाश असलेला तो अवकाश या कामासही उपयुक्त ठरला.

१९६३ मध्ये वास्तूला सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा मिळाला. स्थानिक वास्तुशिल्पज्ञ फ्रांटिशेक कालिव्होडा याने तिच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ सुरू केली. १९६७ मध्ये ग्रेटा प्रथमच आपल्या जुन्या घरी आली. जानेवारी १९६९ मध्ये ब्रनो येथे भरलेल्या परिषदेत तिने घराच्या निर्मितीविषयी व्याख्यान दिले. हे व्याख्यान आज एक मौलिक साधन मानले जाते. परंतु १९६८ मध्ये सोव्हिएट फौजांनी देशात प्रवेश केल्यावर राजकीय वातावरण बदलले व हा उपक्रम रेंगाळला. मीस १९६९ मध्ये व ग्रेटा १९७० मध्ये निवर्तली. त्यांपैकी कोणालाही ही वास्तू पुन्हा पूर्वरूपात पाहावयास मिळाली नाही.

जीर्णोद्धार : १९८० मध्ये व्हिला ब्रनो नगरपालिकेकडे आली आणि १९८१–८५ मध्ये तिची पहिली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे वास्तूची पडझड थांबली व अवकाशाची मूळ मांडणी पुन्हा दिसू लागली. तथापि योग्य सामग्रीचा तुटवडा असल्यामुळे अनेक तपशील केवळ ढोबळपणे साधले गेले व काही मूळ अवशेष नष्टही झाले. त्यानंतर शासकीय पाहुण्यांसाठी विश्रामगृह म्हणून तिचा उपयोग होऊ लागला. २६ ऑगस्ट १९९२ रोजी चेक पंतप्रधान व्हाट्स्लाव्ह क्लाउस व स्लोव्हाक पंतप्रधान व्लादिमीर मेचिअर यांची भेट येथेच झाली व देशाच्या विभाजनाबाबत त्यांच्यात एकमत झाले. त्यानुसार १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची दोन राष्ट्रे झाली. ज्या प्रजासत्ताकाच्या उभारीच्या काळात ही वास्तू जन्मास आली, त्याच्या विसर्जनाचा निर्णयही तिच्यातच व्हावा, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

१९९४ मध्ये व्हिला संग्रहालय म्हणून जनतेस खुली झाली व तिची व्यवस्था ब्रनो नगर संग्रहालयाकडे सोपविण्यात आली. २०१०–१२ मध्ये सखोल संशोधनाच्या आधारे दुसरा जीर्णोद्धार करण्यात आला. आंतरराष्ट्रीय तज्ञांची समिती त्यावर सल्ला देत होती. बाहेरील मूळ गिलाव्याचा मोठा भाग नंतरच्या थरांखाली शाबूत असल्याचे या वेळी दिसून आले. फ्रिट्सने हौसेने टिपलेली कौटुंबिक छायाचित्रे व व्यावसायिक छायाचित्रकाराने घेतलेली जुनी चित्रे यांच्या आधारे फर्निचर, पडदे व रंग पुन्हा सिद्ध करण्यात आले. सरकत्या काचांची यंत्रणाही पुन्हा कार्यान्वित झाली. सर्वांत महत्त्वाचा शोध अबनूसाच्या भिंतीचा होता. नष्ट झाली असे समजली गेलेली ही भिंत ब्रनो येथील विधी महाविद्यालयाच्या इमारतीत सापडली. युद्धकाळात तेथे गेस्टापोचे ठाणे होते व तेथील उपाहारगृहाच्या भिंती या लाकडाने मढविल्या होत्या. अनेक वर्षे विद्यार्थी तेथे जेवत होते, परंतु त्या फळ्यांचे मूळ कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्यांतून अर्धवर्तुळाकार भिंत पुन्हा जोडण्यात आली. मार्च २०१२ पासून व्हिला पुन्हा दर्शकांसाठी खुली झाली. लेमब्रुकचे मूळ शिल्प मात्र तेथे नाही. ते कुटुंबाच्या वारसांना परत देण्यात आले.

मूल्यमापन : तूगेन्टहाट व्हिलेने नागरी निवासाच्या कल्पनेत मूलभूत बदल घडविला. घर म्हणजे खोल्यांची बेरीज नसून एक सलग अवकाश होय, हा विचार तिने प्रत्यक्षात उतरविला. मीसच्या अमेरिकेतील पुढील काचगृहांचा पाया येथे घातला गेला. १९३१ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला मात्र इतिहासाने वेगळाच अर्थ दिला. या घरात राहता येते, हे त्यातील कुटुंबाने लिहून ठेवले होते. ते राहणे संपले, ते वास्तूच्या दोषामुळे नव्हे, तर वंशद्वेषामुळे. जीर्णोद्धाराने ऑनिक्स, अबनूस व काच ही पूर्ववत केली. दर्शकाला आज तेथे एका संपूर्ण कलाकृतीचा प्रत्यय येतो. परंतु नीटनेटक्या मांडलेल्या त्या रिकाम्या खुर्च्या ज्यांच्यासाठी बनविल्या होत्या, त्यांचे हद्दपार जीवन ध्यानात घेतल्यावाचून या वास्तूचे आकलन पूर्ण होत नाही.